न्हाणीघरातला गॅस

आपल्या डहाणू-तलासरीकडे कारवीच्या कुडाच्या घरात चुलीचा धूर डोळ्यांना झोंबे खरा, पण भिंतीच्या फटींतून बाहेरही जाई. बंब पेटे तो अंगणात. आता स्लॅबची घरे झाली, आणि थंडीच्या दिवसांत एवढ्याशा न्हाणीघराचे दार-खिडकी लावून आतच गॅसचा गिझर पेटतो.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय गळतात; मग दाराची कडी काढण्याचेही त्राण राहत नाही.

म्हणून गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत न्यायचे ते फक्त गरम पाणी. पंख्याने धूर फेकणारा गिझर असला तरी त्याचे धुराडे भिंतीपार उघड्यावर काढावे, माळ्यावर किंवा खिडकीलगत सोडू नये. (झरोका नको म्हणणाऱ्या गवंड्याचे मुळीच ऐकू नका.)

नोव्हेंबर २०१८ पासून इकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भिंतीचा तडा लगेच दिसतो, धुराड्याचा निखळलेला सांधा दिसत नाही. धक्का बसला की आधी सांधे तपासा, गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून पाहा, मगच गिझर पेटवा.

आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार फोडा, गॅस बंद करा, त्याला अंगणात आणा आणि १०८ ला फोन लावा.