आईचा तास

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. पण विद्यापीठ अनुदान आयोगाशी तिचा काही वर्षे अगदी घरोबा होता! १५ ऑगस्ट १९८४ रोजी आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केली. इन्सॅट-१बी उपग्रहाच्या द्वारे दुपारी तासभर देशभर पाठ दाखवायचे. आडगावच्या कॉलेजातल्या मुलांनाही उत्तम अध्यापक भेटावेत, हा हेतू. भाषा मात्र इंग्रजी. (आडगावच्या मुलांना ती कळेल का, हा प्रश्न कुठल्याशा बैठकीत चहाबरोबर गिळला गेला असावा.)

माझी शाळा सकाळची. दुपारी जेवणे आटोपली, की आई तांदूळ निवडीत संचासमोर बसे. शब्द एक कळत नसे. चित्रे ती पाही. एकदा पडद्यावर हृदयाची आकृती आली. सुपातला हात थांबवून ती म्हणाली, "काय रे, हे रक्त माघारी कसं फिरत नाही?"

मी चौथीत. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाखवला. घरी येऊन मी तोच आईला दाखवला. मी मराठीचा अध्यापक. हृदयाविषयी माझे ज्ञान अजून तेवढेच आहे! पण त्या दिवसापासून आईचे प्रश्न आणि गुरुजींकडे माझ्या खेपा सुरू झाल्या.

आधीचा 'साइट' प्रयोग या बाबतीत अधिक शहाणा म्हणायचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, असे एक वर्ष 'नासा'चा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले. तेही हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नडमधून. महाराष्ट्र त्यांत नव्हता. संच सार्वजनिक जागी असे, गाव एकत्र बसे. नाही कळले, तर शेजाऱ्याला कोपराने ढोसता येई. वर्ष सरले आणि उपग्रह परत गेला.

आता २०१७ पासून 'स्वयंप्रभा'च्या वाहिन्या आहेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात पडदा आहे. परवा एकाला म्हटले, "पाठ पाहिलास ना? विचार काहीतरी."

"काही नाही सर, सगळं कळलं."

मी गप्प बसलो. कॉलेजात गेल्यावर मीही एका दुपारी, परीक्षेच्या घाईत, आईला म्हणालो होतो, "तुला काय करायचंय ते कळून?" त्यानंतर तिने कधी विचारले नाही. संच लावी, तांदूळ निवडून झाले, की पाठ अर्धा असला तरी बंद करी.