व्यत्यय

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सहक्षेपण केंद्रे उभी राहिली तसतसे ते गावोगावी पोहोचले आणि त्याबरोबर एक पाटीही घरोघरी परिचयाची झाली : ‘व्यत्यय’. कार्यक्रम ऐन रंगात असताना चित्र जाई आणि पडद्यावर ही पाटी येई. घरातला एखादा मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवू लागे, तोच खालून हाक येई, “राहू दे रे, व्यत्यय आहे!” बिघाड आपल्या घरातला नसून तिकडचा आहे, एवढे त्या पाटीवरून कळे. लोक चरफडत, पण निश्चिंत होऊन चरफडत.

त्या काळाचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. दूरदर्शन सरकारी होते आणि विरोधकांच्या वाट्याला त्यावर फार थोडी जागा येई. तरी स्मिता पाटील किंवा प्रदीप भिडे बातम्या वाचत तेव्हा ऐकणाऱ्याला आपण ऐकतो आहोत याचे भान राहत असे. आज संध्याकाळी कोणतीही वृत्तवाहिनी लावावी, तर पडद्याच्या सहा-आठ खिडक्यांतून सहा-आठ माणसे एकदमच बोलत असतात, आणि सूत्रसंचालक त्या सर्वांहून मोठ्याने बोलत असतो. एखाद्याने खरोखरच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर येण्यापूर्वी जाहिरात येते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेतील कापड दुकानदाराच्या घरी हा कार्यक्रम नित्याचा आहे. घरात आणि पेठेत सर्व जण त्यांना अण्णा म्हणतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते. दुकान मुलाकडे सोपवून अण्णा घरी आलेले असतात. सूनबाईंचे म्हणणे असे, की एवढा आरडाओरडा ऐकून रात्री झोप कशी लागते? अण्णांचे उत्तर ठरलेले, “व्यापाऱ्याला राजकारण कळलं पाहिजे.” यात तथ्य नाही असे नाही. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा फुटला, आणि अण्णांच्या दुकानातील प्रचाराच्या उपरण्यांचा गठ्ठा जागेवरच जुना झाला. २०२४ च्या निवडणुकांत तर गिऱ्हाईक पक्षाचे नाव सांगे आणि अण्णांना विचारावे लागे, “कोणता? घड्याळ की तुतारी? धनुष्यबाण की मशाल?” उरलेल्या कापडाचे पुढे काय झाले, हे दुकानातील फडक्यांकडे पाहिले की समजते. मात्र इतक्या चर्चा ऐकूनही ती उपरणी किती मागवावीत, याचा अंदाज त्यांना एकाही चर्चेतून आला नव्हता.

गेल्या काही वर्षांत घरातल्या पेटीइतकीच दुकानातली पेटीही बोलू लागली आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची चाचणी सुरू झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी आली, आणि जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारांवर दुकानदाराला बँकेचे शुल्क राहिले नाही. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, गल्ल्यातली रोकड मोजण्याचा वेळ वाचला. पैसे आले की गल्ल्याशेजारची पेटी मोठ्याने आकडा सांगते. सुरुवातीला अण्णांना ही गोष्ट अशिष्ट वाटे. कोणी किती रुपयांचे कापड घेतले, हे शेजारच्या गिऱ्हाइकाने का ऐकावे? परंतु सवय झाली, आणि सवय झाल्यावर भरवसाही तिच्यावरच बसला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून उधारी देणारे अण्णा आता माल हाती देण्यापूर्वी पेटीकडे कान लावू लागले.

श्रावणातील एका बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावातील एक आजी नातवाला घेऊन आल्या. लुगडे पसंत केले, किंमत आठशे साठ रुपये ठरली. नातवाने मोबाइलवरून पैसे दिले. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण पेटी बोलली नाही. नातवाने पडदा दाखवला. गर्दी होती. अण्णा म्हणाले, “पेटी बोलल्याशिवाय माल देता येत नाही, आजी. पैसे तुमचे तुम्हाला परत येतील.” किती दिवसांत, हे त्यांनी सांगितले नाही. वास्तविक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच याचा नियम घालून दिला आहे. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे पोचपावती आली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. एवढे सांगितले असते तरी आजींना धीर आला असता. त्या काही न बोलता बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासाने नोटा घेऊन परत आल्या. त्या कोणाकडून आणल्या, हे अण्णांनी विचारले नाही.

त्याच आठवड्यात अण्णांचे चालू खाते गोठवले गेले.

सूरतच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवताना मुलाला हे प्रथम कळले. खात्यात रक्कम दिसत होती, नवी जमाही होत होती, परंतु एक रुपया बाहेर जात नव्हता. शाखेत गेल्यावर समजले, की दुसऱ्या एका राज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून हे झाले आहे. महिन्यापूर्वी एका अनोळखी तरुणाने दुकानातून दोन हजार तीनशे चाळीस रुपयांचे कापड नेले होते. त्याने दिलेले पैसे कोणाच्या तरी फसवणुकीतून आलेले होते. शाखाधिकारी सज्जन होते. “आमच्या हातात काही नाही,” असे त्यांनी तीन वेळा सांगितले.

ही व्यवस्था मुळात लोकांच्या हितासाठीच आहे. फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले त्यांचा माग काढून बँका ती रक्कम अडवतात. चोर पैसे मिनिटांत फिरवतो, म्हणून अडवणेही तत्काळ झाले पाहिजे. कुठल्या तरी घरातील एखाद्या वृद्धाची आयुष्याची पुंजी अशाने वाचत असेल, तर तिला नावे ठेवता येणार नाहीत. प्रश्न पुढचा आहे. त्या मागाच्या शेवटी ज्याने प्रामाणिकपणे माल विकला तो दुकानदार उभा असतो, आणि दोन हजारांसाठी त्याचे संपूर्ण खाते बंद होते. पोलिसांचा मालमत्ता ताब्यात घेण्याचा जो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, तो १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. केवळ वादग्रस्त रक्कम अडवावी, सारे खाते नव्हे, असे काही उच्च न्यायालयांनी बजावलेही आहे. पण न्यायालयापर्यंत कापड दुकानदाराने जायचे कधी? गौरी-गणपतीचा हंगाम तोंडावर आलेला असतो.

पुढचे दिवस अण्णांनी दूरध्वनीवर काढले. मराठीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मार्च २०२० मध्ये कोणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू येई, तो बरा म्हणायचा. त्यानंतर निदान माणूस बोलत असे. परराज्यातील पोलीस ठाण्याचा क्रमांक वाजत राही आणि आपोआप बंद होई. ई-मेलला पोच आली, उत्तर आले नाही. दुकानातील चार नोकरांचे पगार सूनबाईंनी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिले गेले. सूरतच्या व्यापाऱ्याला मात्र अण्णांनी स्वतः फोन केला. सगळी हकीकत ऐकून घेऊन तो म्हणाला, “शेठ, माल थांबवत नाही. पैसे सावकाश पाठवा.” तीस वर्षांचा व्यवहार होता, कागद एकही नव्हता.

शेवटी त्या विक्रीचे बिल उपयोगी पडले. मुलाने बिलावर व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवलेला होता. बिलाची प्रत, जीएसटीचे विवरण आणि अर्ज असे सर्व जिल्ह्याच्या सायबर शाखेमार्फत गेले, आणि एकोणिसाव्या दिवशी दोन हजार तीनशे चाळीस तेवढे अडकवून बाकीचे खाते मोकळे झाले. झाल्या त्रासाबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. घराचे आणि दुकानाचे खाते यापुढे वेगळ्या बँकांत ठेवायचे, आणि अनोळखी गिऱ्हाइकाचे बिल नावानिशी करायचे, एवढे अण्णांनी ठरवले. इतर व्यापाऱ्यांनीही हे करण्यासारखे आहे.

खाते मोकळे झाले त्याच सुमारास पर्युषण संपले. क्षमापनेचे संदेश सकाळपासून येऊ लागले : कमळे, हात जोडलेली चित्रे, तळाशी एखाद्या दुकानाची जाहिरात. अण्णांच्या मुलानेही व्हॉट्सॲपवरील यादीतील दोनशे छप्पन्न जणांना एका स्पर्शात क्षमा मागितली. त्यात नोकर होते, सूरतकर होते, शाखाधिकारीही होते. अण्णांनी संदेश वाचून पाहिला आणि ‘ठीक’ म्हणाले.

त्या रात्री वृत्तवाहिनी न लावता त्यांनी एकोणीस दिवसांचा रोजमेळ बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिला. एका ठिकाणी आठशे साठ रुपये जास्त निघाले. जमा होती, बिल नव्हते. तारीख बाजाराच्या दिवसाची, वेळ दुपारची. पैसे तेव्हाच आलेले होते. फक्त पेटीला त्या वेळी रेंज नव्हती. अण्णांनी ती नोंद मुलाला दाखवली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

उताऱ्यात नातवाचा मोबाइल क्रमांक होता. सकाळी अण्णांनी फोन लावला. “तुमचे पैसे आमच्याकडे चुकून आले आहेत, ते परत द्यायचे आहेत,” असे त्यांनी म्हणताच पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर लागेना. त्या पोराचे चुकले नव्हते. अशाच वाक्याने फसवतात, हे त्याला कोणी तरी नीट शिकवलेले होते.

मुलाने मग पैसे मोबाइलवरून परत पाठवले. ते क्षणात गेले. गल्ल्याशेजारची पेटी गप्प राहिली. ती फक्त येणाऱ्या पैशांचेच बोलते.

त्यानंतरच्या प्रत्येक बाजाराच्या दिवशी अण्णा गल्ल्यावर न बसता दुकानाच्या पायरीवर बसतात. वृत्तवाहिनीची वेळ झाली तरी उठत नाहीत. लुगडे नेसलेली एखादी आजी पेठेतून जाताना दिसली की चष्मा वर करून पाहतात. काल एकीला त्यांनी हाक मारून थांबवलेही. ती दुसऱ्या गावची निघाली.