चित्रणाचे माप आधीच ठरवावे



पर्वाचे दिवस सरले, की घरोघरी एक काम मागे उरते. अठाईचे पारणे, दशलक्षणातील अभिषेक, रामटेकच्या शांतिनाथ जिनालयाची यात्रा, असे सारे मोबाइलमध्ये साठवलेले असते. पण त्यातून वीस मिनिटांचा नेटका व्हिडिओ काही तयार होत नाही. कोणी हौसेने संपादनाला बसलेच, तर अंतिम फाइल निघेपर्यंत रात्र सरते आणि उत्साह मावळतो. आपले पारणे पडद्यावर पाहू इच्छिणारी आजी मात्र वाट पाहतच राहते. अशा वेळी नवा संगणक घेण्याचा सल्ला सहज मिळतो. तो मानण्यापूर्वी एक बिनखर्ची उपाय करून पाहावा. कॅमेऱ्यातील चित्रण, संपादनाचा प्रकल्प आणि अंतिम फाइल, या तिन्हींचे माप एकच ठेवावे.

माप म्हणजे येथे तीन गोष्टी : चित्राचा आकार, दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या आणि फाइल दाबून साठवण्याची पद्धत, म्हणजे कोडेक. हातमागासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या खाप्यात हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. फणी कोणती, ताणा किती, हे विणकर मागावर बसण्यापूर्वी ठरवतो. अर्धे लुगडे विणून झाल्यावर फणी बदलत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. १९२० × १०८० आकाराच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० बिंदू असतात. ‘फोर-के’ म्हणजे ३८४० × २१६० आकारात ते नेमके चौपट, ८२,९४,४०० होतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तासाभराच्या चित्रणात ९०,००० फ्रेम येतात. घरच्या दूरदर्शन संचावर साध्या फुल एचडीतच पाहायचे असेल आणि चित्रण फोर-केमध्ये केले असेल, तर संगणकाला यातील प्रत्येक फ्रेम उलगडून, लहान करून पुन्हा दाबावी लागते. एकाने २५ आणि दुसऱ्याने ३० फ्रेमने चित्रण केले असेल, तर ३० चे २५ करताना दर सहा फ्रेममागे एक गाळली जाते. मिरवणुकीतील चालणारी माणसे मग किंचित अडखळल्यासारखी दिसतात. रुपयांचे डॉलर व डॉलरचे पुन्हा रुपये करताना दरवेळी काही कटते, तसेच येथेही घडते. वेळ जातो तो निराळाच.

आपल्याकडे २५ किंवा ५० फ्रेम सोयीच्या ठरतात, यालाही कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटरची गती १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवली, की सभागृहातील चित्रणात काळसर पट्टे सरकताना दिसत नाहीत. आयफोनच्या कॅमेरा-सेटिंगमध्ये ‘पॅल’ पद्धती दाखवण्याचा पर्याय आहे. मोबाइलमध्ये ३० च फ्रेमची सोय असेल, तर सर्वांनी ३० च ठेवाव्यात. आकड्यापेक्षा एकवाक्यता महत्त्वाची.

कोडेकपैकी एच.२६५ ची फाइल लहान होते, पण ती उलगडताना जुना संगणक दमतो. अशा घरी एच.२६४ बरा.

नुसती काटछाट करायची असेल, तर ॲव्हिडेमक्स किंवा लॉसलेसकट हे मोफत प्रोग्रॅम मूळ फाइलमधील हवा तो भाग जसाच्या तसा उतरवून देतात. पुन्हा दाबणे टळते, काम काही मिनिटांत होते आणि चित्राचा कसही टिकतो. मात्र काप ‘की-फ्रेम’वर घ्यावा लागतो, त्यामुळे तो एखाद-दोन सेकंद पुढेमागे सरकू शकतो. शीर्षके किंवा संगीत चित्रात मिसळायचे असल्यास नेहमीचे संपादन करावेच लागते. तेथेही समान मापामुळे आकार व फ्रेम बदलण्याचा भार वाचतो.

म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चित्रण करणाऱ्या सर्वांनी दोन मिनिटे एकत्र बसावे. १०८०, २५ फ्रेम आणि एच.२६४ असे एका कागदावर लिहून मोबाइल त्याप्रमाणे लावावेत व अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्यावी. नंतर मूळ फाइली केबलने संगणकावर घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. पाठवायचीच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. साधु-साध्वींचे चित्रण मात्र त्यांच्या मर्यादा विचारून, अनुमतीनेच करावे.

अपरिग्रहाचा विचार येथेही लागू पडतो. सेकंदाला १६ मेगाबिट वेगाने तासाभराचे चित्रण सुमारे ७.२ जीबी जागा घेते. पाच तास साठवून कोणीच न पाहण्यापेक्षा निवडक वीस मिनिटे त्याच आठवड्यात तयार करून वडीलधाऱ्यांना दाखवावीत. तपस्येची अनुमोदना वेळेवर झालेली बरी.