बहिणाबाईंचा मार आणि आजचे कीर्तन

संत बहिणाबाईंचे वय तेव्हा जेमतेम अकरा. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या गेल्या, मागोमाग त्यांचे लाडके वासरूही. स्वामींनी दोघांना कुरवाळले, गावभर चर्चा झाली आणि नवऱ्याने त्यांना वेणीला धरून बडवले. पुढे तुकोबांनी स्वप्नात उपदेश केल्याचे त्या सांगू लागल्या, तेव्हा ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानणे हा नवऱ्याला धर्मावरचा घालाच वाटला. हे सारे बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्वतःच अभंगांत सांगून ठेवले आहे. आणि त्याच बहिणाबाईंनी पतिसेवा हा आपला धर्म मानला. श्रद्धेपायी मार बसला, श्रद्धेनेच तो सोसण्याचे बळ दिले, आणि त्याच नवऱ्यापाशी राहायलाही तिनेच लावले.

आषाढी वारीच्या पालख्या निघण्याच्या तोंडावर हे आठवायचे कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी बायकोला मारणे योग्य ठरवले. सर्वांत पटलेले कारण कोणते, तर सासू-सासऱ्यांचा मान न राखणे. यात देवाधर्माचे नाव नाही, हे खरे. पण ‘नवरा म्हणजे परमेश्वर’ हे पोथीपुराणातून कानावर पडत वाढलेल्या मुलीला पहिली थप्पड अन्याय वाटत नाही, आपलेच काही चुकले असे वाटते. त्याच पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले.

दारू, संशय, हुंडा ही कारणे आहेतच. नास्तिकाच्या घरातही हात उठतो. देव्हारा काढला म्हणून तो थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे. प्रश्न आहे तो मार खाल्लेली बाई धीर करून बुवांकडे, मौलवींकडे किंवा फादरकडे जाते त्या वेळचा. ‘सबुरी धर, पोरांकडे बघ, प्रार्थना कर’ एवढे सांगून तिला त्याच घरी धाडणारा सल्लागार मारणाऱ्याचेच काम सोपे करतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा; तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. हे एका तरी प्रवचनात कधी ऐकू येते का?

कीर्तनकारांचा शब्द गावात तहसीलदारापेक्षा जड असतो. व्यसनमुक्तीवर ते बोलतात, लोक ऐकतात. बहिणाबाईंचे चरित्र रंगवताना वासराची गोष्ट सांगून पुढे न सरकता त्यांनी नवऱ्याच्या माराला पाप म्हणावे. राज्य महिला आयोगाची महिला वारकऱ्यांसाठीची आरोग्यवारी पालख्यांबरोबर असतेच. तिच्या जोडीला महिला व बालविकास खात्याने मुक्कामाच्या गावी संरक्षण अधिकाऱ्यांचे टेबल लावावे. फक्त ते मुख्य मंडपात, सगळ्या दिंडीच्या डोळ्यांदेखत नको. बायकांच्या न्हाणीघरांजवळ लावावे, म्हणजे बोलणारीच्या शेजारी नवरा उभा नसेल.