छत्तीस राज्यं झाली, मग?

स्वतंत्र विदर्भ झाला की आपले प्रश्न सुटतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा नायजेरिया बघावा. 1960 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिथे तीन प्रांत होते. आज 36 राज्यं आहेत. त्यातल्या बहुतेकांचा कारभार अबुजाहून वाटल्या जाणाऱ्या पैशावर चालतो. स्थानिक संस्थांचा वाटा निवडून आलेले गव्हर्नरच अडवून धरत. शेवटी जुलै 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, हा पैसा थेट त्यांनाच द्या. म्हणजे मालक वाढले, तिजोरीची किल्ली गावापर्यंत आलीच नाही.

आमचं धाड सीमेवरचं. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला; शेजारचं भोकरदन निजामाकडेच राहिलं. ती रेघ आजही विदर्भ-मराठवाडा म्हणून टिकून आहे. दोन्हीकडे कापूस तोच, भावाची रड तीच.

1955 साली फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, हे खरं. अनुशेषही खरा. पण 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती होत्या, तेव्हा विदर्भवादी काय नि अखंड महाराष्ट्रवादी काय, किती जण रस्त्यावर उतरले?

राजधानी मुंबई असो की नागपूर, पाणंद रस्त्याचा आणि शाळेच्या छताचा पैसा कोण ठरवणार, हा खरा प्रश्न आहे. नवा नकाशा नंतर मागा. आधी जिल्हा परिषदेची निवडणूक वेळेवर मागा, आणि तिच्या हक्काचा पैसा मागा.