धर्मशास्त्री रोमचा, न्यायपीठ मुंबईचे

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास दत्तजयंती आणि नाताळ हे दोन सोहळे शेजारी-शेजारी येतात. आम्ही कारंज्याचे, श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मभूमीत वाढलेले. तेव्हा पहिल्या सोहळ्यावर आम्ही लिहिले तर कोणास नवल वाटावयाचे नाही. दुसऱ्यावर आमची लेखणी का वळली, असे मात्र काही वाचक विचारतील. कारण असे की, नाताळच्या आदल्या दिवशी, 24 डिसेंबर 1944 रोजी मुंबईत जन्मलेले कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस हे ज्या विद्येचे पंडित आहेत, ती विद्या आमच्या धर्मशास्त्राची चुलत बहीण शोभावी अशी आहे.

मागे धनज येथे सप्ताहात निरूपणाच्या ओघात आम्ही या विद्येचा उल्लेख केला, तेव्हा मंडपातील एका वृद्ध श्रोत्याने विचारले, "महाराज, पाद्र्यायलेबी शास्त्र पाहा लागते का?" लागते, आणि फार बारकाईने पाहावे लागते. 'कॅनन' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ मोजावयाची सरळ काठी. आपण मानदंड म्हणतो तोच. इ. स. 1140 च्या सुमारास इटलीत ग्रेशियन नावाच्या पंडिताने परस्परविरोधी धर्मवचने एकत्र करून त्यांचा समन्वय लाविला. मिताक्षरेचा अभ्यास केलेल्या कोणासही हे काम ओळखीचे वाटेल. पुढे 1917 मध्ये 2414 कलमांची संहिता झाली आणि 1983 मध्ये तिच्या जागी 1752 कलमांची नवी संहिता आली.

येथेच ग्रेशियस यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटणारा भाग आहे. 20 डिसेंबर 1970 रोजी त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षे जमशेदपूरच्या बिशपांकडे कार्यालयीन सेवा केल्यावर ते रोमला गेले आणि तेथे अर्बन विद्यापीठातून धर्मविधीशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन 1982 मध्ये मुंबईस परतले. पुढील वर्षीच संहिता बदलली! आयुष्यभर एक स्मृती घोकलेल्या शास्त्र्यास दुसऱ्या दिवशी नवी पोथी हाती द्यावी, तसा हा प्रकार. आपल्याकडे असे घडत नाही. आपण मूळ वचनास हात लावीत नाही. निबंधकार अर्थ हलवितो. कमलाकरभट्टांनी निर्णयसिंधूत तेच केले, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास धर्मसिंधूत तेच केले. दोन्ही रीतींत गुण आहेत. मात्र पोथी उघडपणे बदलणाऱ्यास आपण काय बदलले हे लोकांस सांगावे लागते, एवढे खरे.

मुंबईत त्यांनी धर्मप्रांताच्या कार्यालयाचा कारभार पाहिला आणि धर्मन्यायपीठावर न्यायाधीश म्हणून काम केले. पुढील पदांची यादी लांब आहे: 1997 मध्ये साहाय्यक बिशप, 2000 मध्ये आग्र्याचे आर्चबिशप, 2006 मध्ये मुंबईचे, 2007 मध्ये कार्डिनल, आणि 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सल्लागार कार्डिनलांच्या मंडळात स्थान. 25 जानेवारी 2025 रोजी ते मुंबईच्या पदावरून निवृत्त झाले. योगायोग पाहा: 1959 मध्ये जुनी संहिता बदलण्याची घोषणा झाली ती 25 जानेवारीस, आणि 1983 मध्ये नवी संहिता जाहीर झाली तीही 25 जानेवारीस.

पदांपेक्षा आम्हांस ते न्यायपीठ महत्त्वाचे वाटते. कॅथलिक धर्मात विवाह मोडता येत नाही. परंतु लग्नसमयी संमती खरी होती काय, फसवणूक वा बळजबरी होती काय, संसाराची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमता होती काय, याची चौकशी हे पीठ करते; आणि मुळात संस्कारच सिद्ध झाला नव्हता असे ठरले, तर ते माणूस मोकळे होते. या खटल्यात 'बंधनरक्षक' नावाचा एक अधिकारी असतो. 1741 पासून चालत आलेले हे पद आहे. विवाह खरा होता, याच्या बाजूने जे काही वाजवी मांडता येईल ते मांडणे हे त्याचे कर्तव्य. पूर्वी दोन न्यायपीठांचे निर्णय जुळावे लागत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली. टाकून दिलेल्या स्त्रीच्या आयुष्यातील किती वर्षे त्या अटीत जात असतील, याचा विचार करावा.

आमच्या कीर्तनात पैठणच्या शुद्धिपत्राचे आख्यान येते. संन्याशाची मुले म्हणून त्या चौघा भावंडांस शास्त्रात मार्ग नाही, असे सभेने सांगितले, ही कथा ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि शास्त्री लोकांवर राग निघतो. आम्हीही तो राग वर्षानुवर्षे पिकविला. परंतु शास्त्र नसते तर त्या मुलांनी दाद तरी कोणाकडे मागितली असती? उणीव होती ती अपवाद शोधणाऱ्या शास्त्र्याची. विद्यासागरांनी पराशरस्मृतीतील पाच आपत्तींच्या आधारे विधवाविवाहाची बाजू मांडली आणि 1856 चा कायदा झाला. रोमन संहितेच्या शेवटच्या कलमात आत्म्यांचे तारण हाच परमोच्च नियम असल्याचे नमूद आहे. शास्त्राच्या अखेरीस शास्त्राची मर्यादा लिहून ठेवावी, हे आम्हांस फार आवडले.

म्हणून सर्व गोमटे आहे असे नव्हे. अशा धर्मन्यायपीठाच्या निर्णयाने दिवाणी कायद्यात विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले आणि 2017 मध्ये त्याविरुद्धची याचिका फेटाळली. न्यायालयाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. एका देशात विवाहाचा कायदा राज्यानेच चालवावा. पण त्या पक्षकारास दोन दारी उभे राहावे लागते, हे दुःख खरे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. फेब्रुवारी 2019 मध्ये बालकांवरील अत्याचारांसंबंधी व्हॅटिकनमध्ये जी परिषद झाली, तिच्या आयोजकांत ग्रेशियस होते. आणि त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतातील तक्रारींच्या हाताळणीवर वृत्तमाध्यमांनी प्रश्न उपस्थित केले. अशा प्रकरणांवरील धर्मपीठाचे गुप्ततेचे बंधन त्याच वर्षी डिसेंबरात उठविले गेले. ते पुष्कळ आधी उठावयास हवे होते, असे आमचे मत आहे. पीडिताऐवजी संस्थेस जपणारा नियम कोणत्याही धर्माचा असो, तो नियमशास्त्राच्या हेतूशीच द्रोह करतो. पंडिताच्या विद्वत्तेचा आदर करताना हे बाजूस ठेवता येत नाही.

आता आमच्या घराकडे पाहू. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात लिहून पुरा केला. तेही मुंबईचेच, व्यवसायाने वकील. तो ग्रंथ विद्वानांच्या कपाटांत आहे. पण उद्या धनजची एखादी टाकलेली लेक कारंज्याच्या देवळाच्या पायरीवर येऊन, मंगळसूत्र ठेवू की काढू, मला धर्माने मोकळे कोण करील, असे विचारू लागली, तर तिचे म्हणणे लिहून घेणारा, दोन्ही पक्षांस बोलावणारा, कारणांसह निर्णय देणारा तेथे कोणी नाही. पोटगी आणि घटस्फोटासाठी न्यायालय आहे, ते योग्यच. धर्माच्या शंकेसाठी मात्र तिला कोणी पंचांग दाखवील, कोणी उपवास सांगेल, आणि आमच्यासारखा कीर्तनकार सीतेचे आख्यान लावील.