भाडे बांधले, छप्पर गळते

मुंबईस पोटामागे गेलेल्या आपल्या पोरांना खोली का मिळत नाही, याचा बांधवांनी विचार करावा. सन १९४७ च्या कायद्याने जुन्या चाळींचे भाडे सन १९४० च्या दरावर बांधून टाकले. भाडेकरू वाचला, हे खरेच. परंतु कुजलेला वासा बदलण्याचा पैका कोणी द्यावा? मालकाने (तो काही संत नव्हे) हात आखडला. रिकामी खोली पागडीवाचून मिळेना, आणि पागडी आणावी कोठून? सावकाराकडून! दुरुस्तीचे मंडळ नेमण्याच्या कायद्यास १९६९ साल उजाडले. सन १९९९ च्या कायद्याने सालीना शेकडा ४ वाढ दिली. मूळ भाडेच इतके थोडे, की तेवढ्यात कौलेही येत नाहीत. गरिबाच्या आसऱ्याचा खर्च मालकावर टाकून सरकार मोकळे झाले. आता भाड्याचा काही हिस्सा सरकारने स्वतः भरावा आणि त्याबदली मालकाकडून दुरुस्ती करवून घ्यावी.